हायस्कुलातील मान आणि मानकषाय

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात शहागड येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'आमची शाळा' हा विषय दिला आहे. विषय गोड आहे. गोदावरीत पोहायला गेल्याबद्दल खाल्लेला मार, पुलावरून जाणाऱ्या धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या मालमोटारी मोजण्याचा नाद, पलीकडे गेवराईला चोरून पाहिलेला सिनेमा, एवढे सांगून टाळ्या घेऊन खाली बसता आले असते. परंतु हा सोहळा पन्नास वर्षांचा आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीची माझी एक बाकी अजून फिटलेली नाही. ती या सभेपुढे मांडण्याची अनुमती असावी.

१९७२ साली मी आठवीत होतो. तेव्हा जालना जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. आपला अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. वर्गात साठाच्या आसपास मुले आणि सात-आठ मुली. पुढच्या बाकांवर शिक्षकांची, तलाठ्याची आणि आम्हा दुकानदारांची मुले. मध्ये बागायतदारांची धिप्पाड मुले, ज्यांच्यावर कबड्डीचा संघ अवलंबून असे. मागे आसपासच्या वाड्यांवरून चार-चार किलोमीटर चालत येणारी, आणि अगदी शेवटी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तुम्ही मागे बसा असे त्यांना कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. पुढे या असेही कोणी म्हटल्याचे आठवत नाही. (मुलींमध्येही गट असणारच. पण ते आम्हांला दिसत नसत. श्राविका मंडळातील भगिनींपैकी कोणी त्यावर लिहिले तर या स्मरणिकेचे मोल वाढेल.)

आमच्या टोळीला वर्गात मोठा मान होता. त्या मानाची कारणे आज सांगताना संकोच वाटतो. एकाकडे सायकल होती. एकाच्या घरी रेडिओ होता; बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे आणि गुरुवारी सकाळी कोणते गाणे कितव्या पायरीवर चढले ते ऐकण्यासाठी मुले त्याच्याभोवती गोळा होत. आणि माझ्या वडिलांच्या किराणा दुकानात लिमलेटच्या गोळ्यांची बरणी होती. माझी लोकप्रियता त्या बरणीइतकी खोल होती. तिसऱ्या वर्षी मला एकमताने वर्गाचा मॉनिटर केले गेले, तेव्हा हे माझ्या गुणांचे फळ आहे अशीच माझी प्रामाणिक समजूत होती.

तो काळ दुष्काळाचा होता. येथील वडीलधाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. लागोपाठ पाऊस फसला होता, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडत, नालाबांध घालत होती. दिवसाची मजुरी दोन-तीन रुपये. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्या मिलोची भाकरी मधल्या सुट्टीत फडक्यातून बाहेर निघाली की आमच्या बाकांवरून हसू फुटत असे. आमच्या डब्यात गव्हाची पोळी होती. पुढे पुढे मागची मुले डबा घेऊन वर्गाबाहेर, विहिरीमागे जाऊन बसू लागली. ती भांडून गेली नव्हती, कोणी हाकललेही नव्हते. आम्ही मात्र त्याला "त्यांची टोळी" म्हणत असू.

त्या मुलांपैकी एक माझा मित्र होता. मित्र म्हणजे, चार जणांत नव्हे. सायंकाळी दुकानामागच्या ओट्यावर आम्ही एकत्र अभ्यास करीत असू. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते आणि भूगोलाचे नकाशे मी त्याच्याच वहीतून उतरवून घेत असे. शाळेच्या फाटकातून आत शिरताना मात्र आपोआप आमच्यात दहा पावलांचे अंतर पडे. ते अंतर मी ठेवीत होतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने कधी पाऊल पुढे टाकले नाही.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. नोव्हेंबर १९७४ मध्ये, दिवाळीला, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे वर्ष सुरू झाले. चारही संप्रदाय प्रथमच एका ध्वजाखाली आणि एका प्रतीकाखाली एकत्र आले होते. आपल्या ट्रस्टचे बीजही त्याच वर्षीच्या उत्साहात रुजले. आमच्या शाळेतही त्या निमित्ताने वक्तृत्व स्पर्धा झाली. मी पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या दोन परीक्षा दिलेल्या होत्या. अहिंसेवर धडाधड बोललो आणि पहिला आलो. बक्षीस समारंभ स्नेहसंमेलनात व्हायचा होता.

स्नेहसंमेलनात शेलापागोटे असत. शहरात त्याला फिशपॉन्ड म्हणत. तरुण पिढीने कदाचित ते पाहिले नसेल, म्हणून सांगतो. आठ दिवस आधी व्हरांड्यात एक डबा ठेवला जाई. त्यात कोणी कोणाविषयीही निनावी चिठ्ठी टाकावी, आणि संमेलनाच्या दिवशी मांडवात सर्वांसमोर ती वाचून दाखवली जावी. हेतू थट्टेचा. गुरुजनांवरही चिठ्ठ्या असत आणि तेही हसून घेत. पण ज्याला कोणाची तरी पाठराखण आहे त्याच्यावरची चिठ्ठी ही थट्टा असते. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला ती वर्षभर पुरते. नावे तेथेच पडत, आणि लग्नपत्रिकेवर छापले जात नाही एवढेच, बाकी ती आयुष्यभर टिकत.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी वडिलांसोबत गादीवर बसत असे. रोजकीर्दीवरून खतावणी करण्याचे काम माझ्याकडे होते. वडिलांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "वहीतली गोष्ट वहीतच राहिली पाहिजे." त्या मित्राच्या वडिलांच्या नावे दुष्काळातली एकशे अठरा रुपयांची बाकी होती. वडिलांनी तिचा तगादा कधी केला नव्हता. दुष्काळात गावातले निम्मे घर वहीत होते.

मी चिठ्ठी लिहिली. तिच्यात पूर्ण नाव होते, 'खातेदार' अशी पदवी होती आणि खाली रुपये एकशे अठरा हा आकडा होता. टोळीतल्या मित्रांना आधी दाखवली; ते पोट धरून हसले, म्हणून डब्यात टाकली. द्वेष म्हणाल तर माझ्या मनात त्याच्याविषयी कणभरही नव्हता. त्या चार जणांचे हसू मला हवे होते, एवढेच.

संमेलनाला गाव लोटले होते. वाचणाऱ्या गुरुजींना त्या आकड्याचा अर्थ कळला नसावा. त्यांनी इतर चिठ्ठ्यांसारखीच तीही वाचली. मांडव हसला. मित्राचे वडील मागे, कनातीपाशी, डोक्याचा पटका हातात घेऊन उभे होते. मी त्यांना पाहिले. त्यानंतर अर्ध्या तासाने मी त्याच मंचावर अहिंसेवरील भाषणाचे पहिले बक्षीस स्वीकारले.

पुढच्या बाजारी ते दुकानात आले आणि त्यांनी एकशे अठरा रुपये मोजून गादीवर ठेवले. दोन शेळ्या विकल्या होत्या, असे मागाहून समजले. वडिलांनी विचारले, "एवढी घाई कशाची? मी मागितले का?" ते काही न बोलता गेले, आणि त्यानंतर आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. रात्री वडिलांनी मला विचारले, "तू कोठे काही बोललास का?" मी नाही म्हटले. वडील मला काही काळ पाहत राहिले आणि त्यांनी वहीत जमेचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. त्यानंतर खतावणी त्यांनी माझ्याकडे दिली नाही. ते गेले तेव्हाही मी त्यांना खरे सांगितले नव्हते.

मार्च १९७५ मध्ये आम्ही दोघांनी दहावीची परीक्षा दिली. नव्या आकृतिबंधाची ती पहिली तुकडी. तो बोर्डाच्या परीक्षेत माझ्या पुढे होता, पण महाविद्यालयात गेलो मी.

माझी नात पुण्यात समाजशास्त्र शिकते. तिला हा प्रसंग सांगितला तेव्हा तिने मला एका अमेरिकन पुस्तकाविषयी सांगितले. ऑगस्ट हॉलिंग्सहेड नावाच्या अभ्यासकाने तेथील एका लहान गावातल्या हायस्कुलाचा अभ्यास करून १९४९ साली 'एल्मटाउन्स यूथ' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांचे कंपू त्यांच्या स्वभावावर नव्हे, तर आईबापांच्या गावातील पायरीवर ठरतात, असे त्याला दिसून आले. "आजोबा, तुमचेच गाव आहे," असे नात म्हणाली. मला थोडे बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लगेच लाजही वाटली. कारण चिठ्ठी काही गावाने लिहिली नव्हती.

आपल्याकडे या रोगाचे निदान फार जुने आहे. स्थानांग सूत्राच्या आठव्या स्थानात आठ मदस्थाने सांगितली आहेत: जाती, कुल, बल, रूप, तप, श्रुत, लाभ आणि ऐश्वर्य. पाठशाळेत ही नावे मी एका दमात म्हणत असे. आमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. पहिल्या बाकावर कुल आणि लाभ, मधल्या बाकांवर बल, आणि वक्तृत्वाच्या मंचावर मी, श्रुतमद. उत्तराध्ययनाच्या बाराव्या अध्ययनातील हरिकेशी मुनींची कथाही मला पाठ होती. चांडाल कुळात जन्मलेले ते मुनी यज्ञमंडपात भिक्षेला येतात आणि तेथील कुलीन मंडळी त्यांच्या मळक्या वस्त्रांवरून त्यांची हेटाळणी करतात. ही कथा मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. मांडवात हसणारे कोण, हे तेव्हा ओळखता आले नाही.

शहरात शाळा संपली की संपते. शहागडसारख्या गावी ती संपत नाही. वर्गातला मुलगा बँकेच्या रांगेत भेटतो, एस. टी. च्या थांब्यावर भेटतो, मयतीला शेजारी उभा असतो. शिवाय बाकांचा क्रमही एक दिवस फिरतो. १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले, पुढे डाव्या कालव्याचे पाणी तालुक्यात खेळले, ऊस आला, अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विहिरीमागे मिलोची भाकरी खाणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कालव्याखालची चार एकर जमीन होती ते बागायतदार झाले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्यासाठी मात्र बाके फारशी फिरली नाहीत. आणि आमच्यापैकी कितीतरी घरे दुकाने आवरून मोठ्या शहरांत गेली.

माझ्या मित्राच्या मुलाने ट्रॅक्टर घेतला. भेटलो की तो मला "शेठ" म्हणे, मी त्याला "पाटील" म्हणे, आणि आम्ही पावसाविषयी बोलत असू. अशी चाळीसहून अधिक वर्षे गेली. दरवर्षी संवत्सरीला मी प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागितली. दोन-अडीचशे क्षमापना पत्रे छापून पाठवली. त्या यादीत व्याही होते, व्यापारी होते, साधर्मिक होते. त्याचे नाव त्या यादीत कधीही नव्हते. आपली याद्या करण्याची पद्धत मी सांगतो आहे. प्रत्येकाने घरी आपली यादी पाहावी.

काही वर्षांपूर्वी संवत्सरीचे पारणे झाल्यावर मी त्याच्या वस्तीवर गेलो. 'मिच्छा मि दुक्कडं' म्हटले आणि त्याचा अर्थ सांगितला. चिठ्ठी माझी होती, हे सांगितले. तो बाजेवर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं. गुरुजींनी वाचून झाल्यावर चिठ्ठी टेबलावर ठेवली व्हती. मी जाऊन पाहिली. तुझं अक्षर मी वळखणार न्हाई का?"

त्या दिवशी त्याने मला "शेठ" म्हटले नाही, शाळेतल्या नावाने हाक मारली. मी विचारले, मग तू कधी बोलला का नाहीस? तो म्हणाला, "बोलून काय करणार व्हतो? म्हताऱ्याला तुझं नाव सांगितलं असतं तर त्यानं तुझ्या बापाला सांगितलं असतं. तुझा बाप चांगला माणूस व्हता." त्याने क्षमा केली असे तो म्हणाला नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही. चहा झाला. निघताना म्हणाला, "आमची बाकी फिटल्याची नोंद केली व्हती ना रे तुमच्या वहीत?" ती वही माझ्याकडे आहे. मी ते पान नेऊन त्याला दाखवले. जमेच्या आकड्यावरून त्याने बराच वेळ बोट फिरवले.

हे सर्व आज येथे सांगण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, "सांग. पण माझं नाव घेऊ नको. नातू हायस्कुलात आहे."

आता विश्वस्तांपुढे एक विनंती. आपला ट्रस्ट अनेक वर्षे दर जूनमध्ये गरजू विद्यार्थ्यांना वह्या आणि गणवेश देतो. कार्य स्तुत्य आहे, त्यात मीही यथाशक्ती भाग घेत आलो आहे. परंतु आपण मंचावर नाव पुकारतो, मूल पुढे येते, दात्यासह छायाचित्र निघते, आणि ते दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाईलवर जाते. त्या मुलाचा वर्ग ते पाहतो. येत्या जूनपासून ही यादी मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्यावी, वह्या शाळेतूनच सर्व मुलांबरोबर वाटल्या जाव्यात, आणि दात्यांची नावे हवी तर फलकावर लावावीत, घेणाऱ्यांची कोठेही लावू नयेत. तसा लेखी ठराव मी अध्यक्षांकडे दिला आहे. काही दात्यांना छायाचित्राचा आग्रह आहे, याची मला कल्पना आहे. त्यांच्याशी मी स्वतः बोलेन.