‘येते’ म्हटल्यावर



‘भाषा आणि प्रवास’ या विषयावर मी बोलावे असे ठरले आहे. मी फार प्रवास केलेला नाही. एकदाच चार महिने देशाबाहेर राहिले, तेही नेपाळात. तिथली लिपी देवनागरी; घराला घर म्हणतात, हाताला हात. माझी जीभ अडली ती निघताना. तेवढेच सांगते.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळात जवळजवळ ९,००० माणसे गेली, त्यांत सर्वांत जास्त सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. तिथल्या एका डोंगरगावात शाळेच्या तात्पुरत्या खोल्या उभारायला मी ऑक्टोबरात गेले. बांबूचा सांगाडा, वर पत्रे. स्वयंसेवकांत एक जपानी मुलगी होती, पोर्तुगालचा एक निवृत्त सुतार, काठमांडूचे दोन विद्यार्थी आणि गावातलाच एक तरुण गवंडी. मला बांधकामातले काही येत नव्हते. मी पत्रे धरून उभी राहायची.

त्याच दिवसांत भारताच्या सीमेवर मालाचे ट्रक अडले होते. गॅस नाही, डिझेल नाही, आमचे पत्रे खाली कुठेतरी अडकलेले. चुलीवर भात शिजे आणि त्या चुलीभोवती भारतीय मी एकटीच. एका रात्री गवंड्याने विचारलेच, “दिदी, तुमच्या देशाचे आमच्याशी काय वैर?” मी चिडून म्हणाले, “मला काय विचारतोस?” दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पत्र्याने माझा हात कापला, तेव्हा हळद घेऊन धावत आला तो तोच. हळदीला ते ‘बेसार’ म्हणतात.

जानेवारीअखेर मी निघाले. कपाळाला टीका, गळ्यात खादा. सुतार ‘आदेउस’ म्हणाला. आमच्या गोव्यात निरोपाच्या मांड्यात हा शब्द ऐकलेला, म्हणून मी हसले. तो मात्र हसला नाही. त्याच्याकडे रोजच्या निरोपाला ‘आते लोगो’ म्हणतात, हा शब्द लांबच्या ताटातुटीचा. जपानी मुलगी म्हणाली, आमच्यात घरातून निघणारा ‘इत्ते किमास’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. मला दारात उभी राहून ‘जाते नव्हे, येते म्हण’ असे बजावणारी आई आठवली.

नेपाळीत निघणारा सरळ ‘गएँ है’ म्हणतो: गेलो हं. नऊ महिन्यांपूर्वी ज्या गावातली माणसे खरोखरच गेली, तिथेही हे सहज म्हणत. मला ते म्हणवेना. मी आपल्या ‘येते’चे शब्दशः नेपाळी केले, “म आउँछु है.”

गवंडी माझी पिशवी जीपवर बांधत होता. त्याने मान वळवून विचारले, “कहिले?”

केव्हा? आपल्याकडे ‘येते’ म्हणणाऱ्याला असे कोणी विचारीत नाही. मी गडबडून म्हणाले, “दसैंला.” त्याने बोटांवर महिने मोजले.

त्या दसैंला मी गेले नाही. आई आजारी होती. पण पुढच्या वर्षी ते कारणही नव्हते. मग एका दसैंला त्याचाच फोन आला. ‘का आला नाहीत’ हे त्याने विचारले नाही. शाळेची पक्की इमारत झाली, एका भिंतीवर त्याचा हात आहे, आणि आमचे पत्रे आता कुणाच्या तरी शेळ्यांच्या गोठ्यावर आहेत, एवढे सांगितले.

अजूनही वर्षातून एकदा आम्ही बोलतो. शेवटी तो ‘ल, राखें है’ म्हणतो, फोन ठेवला हं. त्यावर मी काय म्हणावे, ते माझे अजून ठरलेले नाही.