वडिलांची फटफटी



पार्किंगमधली माझी हार्ले-डेव्हिडसन आज सगळे कौतुकानं बघतात. ही डब्ल्यूएलए, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी केलेली. इंजिन साधारण ७५० सीसी, क्लच पायात, गिअर टाकीशेजारी हातानं टाकायचा. युद्धानंतर अशा गाड्या आपल्याकडं राहिल्या; दिल्लीत त्यांच्या फटफटी रिक्षा झाल्या.

इथं राहायला आलो तेव्हा ती गंजलेली होती. मी भंगारात घालणार होतो. शेजारी म्हणाले, "साहेब, वडिलांची गाडी काय किलोवर घालायची?" आणि त्यांनी स्वतःची पार्किंगची जागा दिली. न मिळणारे बुश, पिना शिवाजी उद्यमनगरातल्या टर्नरनं करून दिल्या.

संग्राहक आधी इंजिनावरचा नंबर बघतात, कारण त्या काळच्या हार्लेचा खरा नंबर तोच. तो आरसी बुकाशी जुळला आणि चांगली किंमत आली. बँकेत आयुष्य गेलं, हिशेब कळतो. तरी विकली नाही.

आता गुडघ्यामुळं मला किक बसत नाही. शेजाऱ्यांचा नातू मारतो. आवाज ऐकायला ते मात्र राहिले नाहीत. जागा त्यांची होती, एवढं सर्वांसमोर सांगायचं राहिलं होतं.