दौऱ्यासाठी जुनी गाडी घेताना



जिल्ह्याच्या दौऱ्यासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. पैसा तुमच्या वर्गणीचा, म्हणून हे बोलणे. बैल घेताना आपण दात पाहतो. गाडीचा किलोमीटरचा काटा तर मागे फिरवता येतो! आकडा कमी आणि क्लचचे रबर झिजून गुळगुळीत, तर व्यवहार सोडून द्यायचा. सातबारावर पाहतो तसा आरसी बुकावरही कर्जाचा बोजा पाहायचा.

पण खरी परीक्षा बसण्याची. रोज दोनशे किलोमीटर जो चालवणार, त्यालाच तासभर खडीच्या रस्त्यावर चालवू द्या. मांडीला आधार नाही, कंबर भरून येते, तर स्वस्तातही नको. बोलेरो दणकट, पण मागे पाटे. रिकामी असली की आदळते. आमचे मत अर्टिगाला. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत ती शिरणार नाही, तेवढे आपण चालत जाऊ.