अध्यक्षासनावरील वकील : कै. कुंदनमल फिरोदिया
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्यापाऱ्याने वकिलाविषयी बोलावे हे जरा विपरीतच. आमचा त्यांच्याशी संबंध बहुधा संकटकाळीच येतो! तरीही आज कै. कुंदनमल शोभाचंद फिरोदिया यांचे स्मरण करावेसे वाटते. त्यांचा जन्म १८८५ चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण झाले आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथे त्यांनी वकिली केली. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला. १९४६ मध्ये दादासाहेब मावळंकर दिल्लीस गेल्यावर मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद या नगरच्या वकिलाकडे आले आणि १९५२ पर्यंत राहिले. त्या सभागृहात मराठी, गुजराती आणि कन्नड मुलखांचे प्रतिनिधी एकत्र बसत. बोलणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने तेथे इतरांना बोलू द्यायचे होते.

कुळकायदा आणि दारूबंदी कायदा त्याच काळातील. परंतु आपणांशी निगडित आहे तो १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. देवस्थानांची नोंदणी आणि हिशेबांची तपासणी सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणणारा हा कायदा जैन संस्थांनाही लागू झाला, आणि तो संमत झाला तेव्हा अध्यक्षासनावर एक जैन गृहस्थ होते. अध्यक्षाला पक्ष नसतो, समाजही नसतो. आम्ही कापडवाले हे जाणतो. गिऱ्हाईक सख्खे नातलग असले तरी गज तोच लागतो.

पुढे जैन मंदिराचे एक व्यवस्थापक, रतिलाल पानाचंद गांधी, या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्यास बाधक अशी काही कलमे रद्द ठरवली. धर्मादाय आयुक्तांची विश्वस्तपदी नेमणूक करण्याची तरतूद त्यांपैकी एक. नोंदणी व हिशेबतपासणी मात्र राहिली, आणि संस्थांकडून घ्यावयाचे अंशदान हा कर नसून शुल्क आहे, असा निर्वाळा मिळाला. माझ्या मते दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पूजाविधी सरकारने ठरवू नये. पण भांडारातील पैशाचा जमाखर्च विचारणाऱ्यावर आपण रुष्ट का व्हावे? दुकानाच्या वह्या आपण दरवर्षी तपासून घेतोच ना?

फिरोदियाजी १९६८ मध्ये निवर्तले. पुत्र नवलमल व हस्तीमल यांनी उद्योगक्षेत्रात नाव कमावले. नगरला ‘भाऊसाहेब फिरोदिया’ या नावाचे विद्यालय आहे. आपल्या कार्यालयातील नोंदणी प्रमाणपत्रावरही त्याच अधिनियमाचे नाव आणि १९५० हे साल छापलेले आहे. भोजनास जाता जाता ते जरूर पाहावे.