आधी ग्रामसभा, मग सही
(वनगावांच्या शिबिरात झालेले भाषण)



१ एप्रिल १९९९ पासून सरकारने जुन्या योजना मोडून एक नवी योजना आणली होती. नाव लांबलचक होतं: स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना. एकात्मिक ग्रामीण विकास, ट्रायसेम, बायांची ड्वाक्रा, सगळं हिच्यात घातलं. तेव्हा ग्रामसेवक यायचा, बँकवाला यायचा, शिकवणाऱ्या संस्था यायच्या. म्हणायचे, गट करा, सही करा. तेव्हा काय बदललं ते समजून घेऊ.

ट्रायसेम १९७९ साली आली. १८ ते ३५ वयाच्या पोरांना धंदा शिकवायचा, शिकताना विद्यावेतन द्यायचं. शिकवणाऱ्यालाही पैसे मिळत. वर्ग संपला की दाखला. पुढे धंदा चालतो का, ते कोण बघणार? इथे शिवणकामाचा, सायकल दुरुस्तीचा दाखला किती जणांकडे आहे? आणि त्यावर पोट किती जणांचं भरतं? दाखला पेटीत आणि माणूस वीटभट्टीवर, अशी गत झाली.

ती योजना म्हणत होती, नुसतं शिकवणं नको. प्रशिक्षण गटाला आणि कर्जाला जोडा. निम्मे लाभार्थी आदिवासी-दलित, १०० त ४० बाया, अशी तिची अट होती. हे चांगलं होतं, ते सोडायचं नव्हतं. पण तीन गोष्टी नीट ऐका.

पहिली गोष्ट कर्जाची. त्या योजनेत आदिवासी माणसाला अनुदान निम्मं, जास्तीत जास्त १० हजार; गटाला सव्वा लाखापर्यंत होतं. पण ते हातात येत नव्हतं. बँकेत राहायचं, कर्ज फिटत आलं की शेवटी वळतं व्हायचं. समजा गटाने २ लाख घेतले. हप्ते नीट गेले तर १ लाख आणि व्याज भरायचं. धंदा मध्येच बसला तर अनुदान गेलं आणि सगळं कर्ज गटाच्या डोक्यावर. "सरकार फुकट देतंय" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट, धंदा कोण ठरवणार? तालुक्याची समिती चार-दहा धंदे निवडायची, संस्था तेच शिकवायच्या. २४ डिसेंबर १९९६ चा पेसा कायदा काय म्हणतो? अनुसूचित क्षेत्रात गावाच्या विकासाची योजना आधी ग्रामसभेने मंजूर करायची, लाभार्थीही ग्रामसभेनेच ठरवायचे. तालुक्यात बसून आमच्या पाड्याला कोंबड्या की शिलाई मशीन, हे ठरवायचा हक्क कुणी दिला?

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. बांबूकाम शिका म्हणतात. शिकू की! पण बांबू कुणाचा? पेसाने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली. महाराष्ट्राने १९९७ च्या कायद्यात बांबू आणि तेंदू त्यातून वगळले. १९२७ च्या वनकायद्यात २०१७ पर्यंत बांबू म्हणजे झाड होतं. म्हणजे टोपली विणायची कला सरकार शिकवायचं आणि बांबू तोडला की गार्ड कोयता जप्त करायचा! जमिनीचंही तेच. बापजाद्यांपासून कसतो तो प्लॉट सातबाऱ्यावर नाही. मग त्यावर विहीर कशी, बैलजोडीचं कर्ज कसं? हात शिकवायचे आणि हाताखालचं जंगल, जमीन काढून घ्यायची, याला रोजगार म्हणत नाहीत.

म्हणून प्रशिक्षणाला नाही म्हणायचं नाही. आपल्या अटीवर घ्यायचं. गावोगाव एवढं करा:

१. ग्रामसभा बोलवा. कोणता धंदा, कोण शिकणार, कोण शिकवणार, ते तिथे ठरवून ठराव करा.
२. शिकवणाऱ्या संस्थेला विचारा: माल कुठून आणायचा, विकायचा कुठे? वर्गाचा खर्च किती, तो कुणाला मिळाला? उत्तर ग्रामसभेत द्यायला लावा.
३. कर्जाचा कागद मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय कुणी अंगठा देऊ नये. सातबाऱ्यावर बोजा चढणार का, ते आधी विचारा.
४. बांबू, तेंदू आणि कसत्या वनजमिनीची मागणी त्याच ठरावात लिहा.

ठरावाची एक प्रत बीडीओला, एक तहसीलदाराला द्या. पोच घ्या. एक प्रत संघटनेकडे आणा. एका पाड्याचा ठराव टोपलीत जाईल, सगळ्या पाड्यांचे मिळून मोर्चाने नेऊ.

जोहार! जिंदाबाद!