९५ वर अडलेलं इथेनॉल

बसमध्ये इअरफोन लावून ऐकत असाल तर बरंच आहे, आज थोडं रसायनशास्त्र आहे.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून इथेनॉल बनतं, हे माहीतच आहे. पाणी १०० अंशांना उकळतं, इथेनॉल ७८ ला. मग उकळत राहिलं की होईल की वेगळं! नाही होत. वजनाने ९५.६ टक्क्यांच्या आसपास गाडी अडते. तिथे द्रवात जेवढं पाणी, तेवढंच वाफेत. कितीही उकळा, फरक शून्य. आणि पेट्रोलमध्ये मिसळायला तर जवळपास कोरडंच इथेनॉल लागतं.

सध्या बहुतेक ठिकाणी झिओलाइटचे मणी भरलेले टॉवर हे उरलेलं पाणी शोषतात. पण मणी भरले की ते पुन्हा कोरडे करत बसा. मेम्ब्रेनमध्ये ती भानगड नाही. सच्छिद्र सिरॅमिक नळीवर झिओलाइटचा पातळ थर वाढवायचा. (आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातही झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात बरं का! हा मात्र प्रयोगशाळेत बनवलेला, 'ए' जातीचा.) त्याची छिद्रं सुमारे ०.४ नॅनोमीटरची. पाण्याचा रेणू त्यातून जातो, इथेनॉलचा अडतो. शिवाय या झिओलाइटला पाण्याची ओढ भारी. नळीच्या बाहेर गरम मिश्रण, आत व्हॅक्यूम. पाणी वाफ होऊन आत जातं. उष्णता खर्च होते ती मुख्यतः तेवढ्याच पाण्यापुरती, सगळं मिश्रण पुन्हा उकळावं लागत नाही. याला परव्हॅपोरेशन म्हणतात.

कागदावर सोपं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी अशा नळ्या बनवल्या. पहिली दिसायला पांढरीशुभ्र, एकदम झकास. पण आत ओढलेली वाफ गोठवून जमवलेलं पाणी पाहायला ट्रॅप उघडला, तर भप्पकन स्पिरिटचा वास! सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्फटिकांमध्ये फट दिसली. एवढीशी फट, पण इथेनॉलला तेवढी पुरते. दुसरीचंही तेच. तिसरी मी शहाणपणा करून सौम्य ॲसिडने धुतली. हा झिओलाइट ॲसिडमध्ये विरघळतो, हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. सर नुसते बघत राहिले.

चौथ्या नळीच्या पाण्याला वास आला नाही. मी धावत जाऊन बाटली सरांच्या नाकाखाली धरली. त्यांनी हुंगलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "छान. कारखान्याला अशा शेकडो लागतील. आता हिच्यासारखीच आणखी एक करून दाखव."

सबमिशनला सहा दिवस उरले होते.