ज्येष्ठमध आणि तोतया संप्रेरक



मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. पण काल जेवणाच्या पंगतीत कळलं की आपल्यातले निम्मे लोक रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. म्हणून आज ज्येष्ठमधावर बोलते.

माझे वडील राहुरी तालुक्यात शिक्षक होते. खडूची धूळ आणि भरलेले वर्ग यांनी घसा कायमचा बसलेला. निवृत्तीनंतर भजनी मंडळ सुरू झालं, मग ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर तोंडात आणि दोन वेळा काढा. इथल्या सरांना नि बाईंना हे नवीन नाही.

पुढे तीन गोळ्या घेऊनही त्यांचा रक्तदाब १८०च्या खाली येईना. पाय सुजले, जिना चढताना मांड्यांत बळ राहीना. पोटॅशियम निघालं २.६, ते साडेतीनच्या वर हवं. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. तेच वाढलं असेल, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असेल, या विचाराने आईची झोप उडाली. रिपोर्ट आला तो उलटाच. अल्डोस्टेरॉन अगदी कमी, रेनिनही कमी.

मग त्याचं काम करत कोण होतं? कॉर्टिसॉल. मूत्रपिंडातल्या ज्या कुलपाला अल्डोस्टेरॉनची किल्ली लागते, त्याला कॉर्टिसॉलचीही लागते, आणि रक्तात ते कितीतरी पट जास्त असतं. म्हणून तिथे एक एन्झाइम पहाऱ्यावर असतं. ते कॉर्टिसॉलचं निरुपद्रवी कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसऱ्हायझिन या पहारेकऱ्यालाच थोपवतं. आमच्या धंद्यात याला दुसऱ्याच्या नावाने लॉगिन म्हणतात.

नेदरलँड्सचे डॉक्टर रेव्हर्स यांनी १९४६ मध्ये हे टिपलं होतं. पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. अल्सर बरे होऊ लागले, पण काही रुग्णांना सूज आली. काही मुलांत हे एन्झाइम जन्मतःच नीट काम करत नाही. १९६३ मध्ये लिडल यांनी वर्णन केलेल्या आनुवंशिक आजारात तर मीठ आत घेणारी वाटच उघडी राहते. तिथे ज्येष्ठमधाचा संबंध नसतो, आणि उपचार आयुष्यभर लागतो.

"आणखी काही औषध घेता का?" असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं. वडील दोन्ही वेळा "नाही" म्हणाले. खोटं बोलले नाहीत. काढा त्यांच्या लेखी औषध नव्हताच. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी विचारलं, "घशासाठी काय करता?"

काढा बंद झाला, पोटॅशियम दिलं, आणि काही आठवड्यांत आकडे जागेवर आले. आता एका गोळीवर भागतं. भजनाला ते खडीसाखर घेऊन जातात, त्यावर आईची वेगळी तक्रार आहे.